ग्रुमेल ओढ्याची धर्ममाता

वालबुर्गा इमहोफने हात वर केला तो खिडकीसाठी. हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर बसून सभेचं इतिवृत्त लिहीत होतो. मार्च महिना, खानावळीच्या मागच्या दालनात गावसभा, आणि तळलेल्या कांद्याचा वास जावा म्हणून कुणीतरी शहाण्याने खिडकी सताड उघडून ठेवलेली. वारा थेट वालबुर्गाच्या मानेवर येत होता.

पुढे जिल्ह्याच्या पाणी खात्यातल्या टेसेनबाई बोलत होत्या. वय तिशीचं, गळ्यात ओळखपत्र, आवाजात उत्साह. त्यांचं म्हणणं असं, की बाळाच्या नामकरणाला जसं कुणीतरी त्याची जबाबदारी घेतं, तशी प्रत्येक ओढ्याचीही कुणीतरी घ्यावी. ओढ्याला धर्ममाता असावी, नाहीतर धर्मपिता. वर्षातून चारदा उगमापासून मुखापर्यंत चालायचं आणि काय दिसलं ते खात्याला कळवायचं.

"तर मग आपल्या ग्रुमेलसाठी कोण पुढे येतंय?"

सगळं दालन एकदम आपापल्या ग्लासात बघायला लागलं. सरपंच एबरहार्ट तर ग्लासाच्या तळाशी काहीतरी हरवल्यासारखे वाकले. आणि त्या शांततेत वालबुर्गाचा हात वर गेला.

"ती खिडकी जरा—" एवढं ती म्हणाली. बाकीचं टाळ्यांत बुडालं. आपली मान सुटली या आनंदात लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या, की टेसेनबाईंचे डोळे पाणावले. त्यांनी येऊन वालबुर्गाचे दोन्ही हात धरले. खिडकी उघडीच राहिली.

मी तिच्या कानाशी लागलो. "अगं, सांग की चूक झाली म्हणून."

"टिल्मान," ती ओठ न हलवता म्हणाली, "एकतीस वर्षं मी खाटकाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले. एकदा तराजूवर ठेवलेलं मी परत उचललेलं नाही. लिही तुझ्या वहीत."

मी लिहिलं. पेन्शनीत निघालेला पोस्टमन मी. लिहिण्यावाचण्याचं काम गावात माझ्याच गळ्यात पडतं. आणि वालबुर्गाला टाइप करता येत नसल्यामुळे तिच्या अहवालांचं कामही त्याच रात्री माझ्या गळ्यात पडलं, माझा हात टेबलाखाली असूनसुद्धा.

खरं सांगायचं तर ओढ्याचं आणि तिचं कधी जमलंच नव्हतं. तिच्या घरापासून ओढा चाळीस पावलांवर. पण तिच्या लेखी तो म्हणजे तळघरात शिरून हिवाळ्याचे बटाटे कुजवणारा एक आगाऊ प्राणी. जंगलात ती जात नसे. "तिथं बसायला जागा नसते," म्हणायची. उगम तिनं बासष्ट वर्षांत पाहिलेला नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आम्ही निघालो. टेसेनबाईंनी तिला हिरवी टोपी पाठवली होती आणि एक फॉर्म. पायांत तिनं दुकानातले पांढरे रबरी बूट घातले होते, पिशवीत लिव्हर सॉसेज लावलेले पाव आणि बूट चावलेच तर म्हणून घरातल्या सपाता. दोन तास चढून आम्ही उगमाशी पोचलो. एका म्हाताऱ्या बीच झाडाच्या मुळांखाली टोपलीएवढा खळगा, त्यातून पाणी निघतंय. आवाज असा, की कान लावला तर ऐकू यावा.

वालबुर्गा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच."

"आणि माझे बटाटे?"

"ते पुढे जाऊन. वाटेत आणखी मिळतात त्याला."

ती खाली वाकली, बोट बुडवून पाहिलं आणि पटकन काढून घेतलं. "थंड आहे रे! एवढंसं लेकरू आणि अंगात एवढी थंडी." मग इकडेतिकडे बघून, कुणी नाही अशी खात्री करून, तिनं खळग्याच्या तोंडाशी अडकलेली पानं बाजूला केली. बाळाच्या तोंडावरचं पुसावं तशी. मी ते पाहिलं हे तिला कळलं, म्हणून उतरताना पहिला अर्धा तास ती माझ्यावर रागावलेली होती.

वाट अशी: आधी दलदलीचं गवत, मग लाल खडकांमधून तीन-चार उड्या आणि त्या प्रत्येक उडीखाली एकेक खोल डोह, मग स्प्रूसच्या झाडांच्या रांगांखालचा काळोख, मग कुरण, मग गाव. गावात ओढा सिमेंटच्या पन्हळीतून शाळेच्या रांगेसारखा सरळ चालतो. पुढे जुनी पाणचक्की, तिच्या खाली गवताळ माळ, आणि शेवटी नदी. सात किलोमीटर. त्यांत वालबुर्गा तीनदा पडली, दोनदा पाण्यात आणि एकदा माझ्यावर. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात बूट उलटे केले तर एकातून ओढ्यातला छोटा झिंगा निघाला. तो परत सोडून येईपर्यंत तिनं मला कॉफी दिली नाही.

मग अहवाल. फॉर्ममध्ये रकाने होते: रंग, वास, प्रवाह, आणि तळाशी दोन ओळी 'विशेष निरीक्षणे'. तिनं तोंडी सांगितलं, मी टाइप केलं. दोन ओळींची साडेतीन पानं झाली.

"उगम: पाणी स्वच्छ, स्वभावाने सरळ. स्प्रूसच्या झाडांखाली जरा गप्प होते, मीही झाले असते. वास: पहिले चार किलोमीटर काही नाही. कुरणामागे घोड्यांचा. घोडे स्वच्छ आहेत. शेण ओढ्यात लोटायची कल्पना त्यांची नाही. सरपंचांच्या बागेमागे: कापलेल्या गवताचा ढीग, उंची माझ्या कमरेइतकी, निम्मा पाण्यात. ढिगावर पाटी: 'येथे कचरा टाकू नये'. अक्षर सरपंचांचे. पाणचक्कीखाली: ओढा घरातल्या सपाता घालून ओलांडला. सपाता कोरड्या. बाकीचे पाणी कुठे गेले ते गांगोल्फ हेपलरला विचारावे, त्याच्या तळ्यातले मासे मात्र या टोकाहून त्या टोकाला पोहून दमलेले दिसतात."

टेसेनबाईंना असा अहवाल जन्मात आला नव्हता. खूश होऊन त्यांनी त्याची प्रत गावाला पाठवली, आणि नियमाप्रमाणे ती चर्चसमोरच्या काचेच्या पेटीतल्या सूचनाफलकावर लागली. त्या रविवारी प्रार्थनेपेक्षा पेटीसमोर जास्त गर्दी होती. घोडेवाल्यानं वालबुर्गाशी बोलणं टाकलं. सरपंच माझ्या घरी आले.

"टिल्मान, तू तरी गाळायचंस!"

"सरपंच, मी फक्त टाइप केलं."

"पाटी माझ्या अक्षरात आहे हे सांगायची काय गरज होती?"

"तिनं विचारलं, अक्षर कुणाचं. मी तीस वर्षं तुमच्या हातची पत्रं वाटली आहेत."

पण खरा भडका उडाला तो पाणचक्कीवर.

गांगोल्फ हेपलर म्हणजे चक्कीचा मालक, सहा फूट उंच, विधुर, आणि बोलायला लागला की करवतीसारखा. चक्कीत दळण कधीचं बंद झालेलं. तो तळ्यात ट्राउट मासे पाळायचा आणि शुक्रवारी लाकडाच्या धुरात धुरावून विकायचा. त्याचं आणि वालबुर्गाचं बावीस वर्षांचं वैर. कारण एवढंच, की एकदा भर दुकानात तो तिला म्हणाला होता, "वालबुर्गा, सॉसेजबरोबर अंगठ्याचेही पैसे लावतेस का? तराजूवरून काढ तो." त्या दिवसापासून तो सॉसेज आणायला नऊ किलोमीटर सायकल मारत पलीकडच्या गावाला जात होता. चढ होता सगळा. पण गेला.

तर सोमवारी सकाळी तो वालबुर्गाच्या दारात उभा राहिला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक पिवळा कागद.

"हे वाच. माझ्या खापरपणज्याच्याही आधीचा कागद आहे. इथल्या सरदाराचा शिक्का आहे त्याच्यावर."

"माझा चष्मा आत आहे. तूच वाच, तुला ऐकायला आवडतो ना स्वतःचा आवाज."

त्यानं वाचलं: "पाणचक्कीच्या मालकास ओढ्यातून, चक्कीच्या चाकास लागेल तेवढे पाणी घेण्याचा हक्क राहील, निरंतर."

"चाकास," वालबुर्गा म्हणाली.

"निरंतर!" गांगोल्फ म्हणाला.

"ते कळलं. चाक कुठंय?"

गांगोल्फनं कागद परत पिशवीत घातला. चाक त्याच्या वडिलांनीच कधीकाळी एका खानावळीला शोभेसाठी विकलं होतं. आता त्याच्यात जेरेनियमची फुलं लावतात.

दुसऱ्या दिवसापासून फळीचं युद्ध सुरू झालं. चक्कीच्या वर ओढ्याला आडवी एक लाकडी फळी आहे; ती वर उचलली की पाणी ओढ्यात जातं, खाली टाकली की पाटातून तळ्यात. सकाळी सातला वालबुर्गा येऊन ती वीतभर उचलायची. दुपारी एकला, जेवण झाल्यावर, गांगोल्फ खाली ढकलायचा. दोघंही वेळेचे इतके पक्के, की महिनाभर एकमेकांचं तोंड दिसलं नाही. फळीवर खडूनं निरोप चालायचे. तिनं लिहिलं, 'चोर'. त्यानं खाली लिहिलं, 'अंगठा'.

जूनमध्ये गांगोल्फनं डोकं चालवलं, आणि तिथंच तो फसला. आपल्या शेडमध्ये बसून त्यानं लाकडाचं एक चाक बनवलं. जेवणाच्या ताटाएवढं. आठ पाती, पितळेचा आस, अगदी नीट रंगवलेलं. ते त्यानं पाटात बसवलं आणि टेसेनबाईंना, सरपंचांना, मला, सगळ्यांना बोलावणं धाडलं. वालबुर्गाही आली, हिरवी टोपी घालून.

"हे घे चाक!" गांगोल्फ म्हणाला. चाक गरगर फिरत होतं. "आता बोल! चक्कीला चाक आहे, कागद माझ्या हातात आहे."

लोक हसले. सरपंच जरा जास्तच हसले.

वालबुर्गानं चाकाभोवती एक फेरी मारली. एकतीस वर्षं काउंटरपलीकडच्या माणसाला किती हवंय हे नजरेनं ओळखलेली बाई ती. "छान केलंयस," ती म्हणाली. "खरंच छान. टेसेनबाई, कागदात काय लिहिलंय हो?"

टेसेनबाईंनी वाचलं. "चाकास लागेल तेवढे पाणी."

"मग या चाकाला किती लागतं?"

टेसेनबाईंनी चाकाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि अत्यंत गंभीरपणे पिशवीतून मोजपट्टी काढली. पाणी हळूहळू कमी करत गेल्या. पाटातून मनगटाएवढी धार उरली तरी चाक मजेत फिरतच होतं.

"हेपलरसाहेब," त्या म्हणाल्या, "कागद अजून वैध आहे. तुम्हाला एवढं पाणी मिळेल. निरंतर."

गांगोल्फच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला नाव नाही. त्यानं चाकाकडे असं पाहिलं, जणू पोटच्या पोरानं कोर्टात उलटी साक्ष दिली. आत गेला आणि दार लावून घेतलं. फळीला खात्याचं कुलूप लागलं. वालबुर्गानं त्या रात्री आम्हा सगळ्यांना सफरचंदाची वाईन पाजली.

आणि मग पाऊस पडलाच नाही.

जून कोरडा गेला, जुलैही. बीचची पानं ऑगस्टच्या आधीच पिवळी पडली. ग्रुमेल बारीक होत गेला. वालबुर्गा आता चारदा नाही, रोज जाऊ लागली. माळावर त्याचे तुकडे झाले होते: इथं एक डबकं, तिथं एक, मध्ये कोरडे दगड. डबक्यांत जंगली ट्राउट अडकलेले, पाठी उघड्या पडलेल्या. ती तिथं छत्री धरून उभी राहायची, माशांवर सावली पडावी म्हणून. मी तिला म्हटलं, "वेडी झालीस का?" तर म्हणाली, "दुसरी छत्री घेऊन ये."

एका दुपारी परतताना ती चक्कीपाशी थांबली. तळ्याकाठी गांगोल्फ उघड्या अंगानं उभा होता आणि बागेतल्या दाताळ्यानं पाणी घुसळत होता. तळं निम्म्यावर आलेलं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. त्यांना हवा मिळावी म्हणून तो सकाळपासून ते पाणी घुसळत होता. बाजूला ताटाएवढं चाक थांबलेलं होतं. मनगटाएवढीही धार आता येत नव्हती.

वालबुर्गा फाटक उघडून आत गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा, बोलावणं नसताना.

"टेसेनबाईंना फोन करते," ती म्हणाली. "कुलूप काढायला सांगते. घे पाणी."

"कुठलं पाणी?" गांगोल्फ म्हणाला. घुसळणं त्यानं थांबवलं नाही.

तेही खरंच होतं. वर उचललेल्या फळीखालून मांजरानं चाटावं एवढंच वाहत होतं.

"हे माझ्यामुळे झालं का रे?"

"आभाळ तुझ्या खात्यात येतं का? नाही ना? मग गप्प बस." दाताळं एकदा फिरवून तो म्हणाला, "खाली तुझे किती अडकलेत?"

"दोनशेच्या वर. दोन दिवसांत जातील."

गांगोल्फनं दाताळं खाली ठेवलं. "माझे तसेही जाणार. मी त्यांना धुरावलं तर निदान कुणाच्या तरी पोटात जातील. हे पाणी खाली सोडलं, तर तुझ्यांना आठवडाभर पुरेल." आणि मग, करवत पुन्हा लागली: "पण रोज तिथं छत्री घेऊन उभी राहू नकोस. लोक मला विचारतात, तुझी शेजारीण अशी का करते म्हणून. मला लाज वाटते."

तळं रिकामं करायला दीड दिवस लागला. गांगोल्फ जाळ्यानं मासे काढायचा, वालबुर्गा साफ करायची. सुरी तिच्या हातात आली की तिचं वय वीस वर्षांनी उतरायचं. एक मासा हातावर तोलून ती म्हणाली, "तीनशे चाळीस ग्रॅम."

"अंगठा काढ," गांगोल्फ म्हणाला.

वालबुर्गाची सुरी थांबली.

"होता," ती म्हणाली.

"काय?"

"अंगठा. होता तराजूवर. त्या एकाच दिवशी. आधल्या आठवड्यात मी केस कुरळे करून घेतले होते आणि तू बेकरीत सगळ्यांसमोर म्हणालास, वालबुर्गाच्या डोक्यावर फ्लॉवर उगवलाय."

गांगोल्फनं आठवून पाहिलं. "उगवलाच होता," तो म्हणाला, आणि दोघंही इतके हसले की जाळ्यातला एक मासा सुटून परत तळ्यात गेला.

खाली पाणी सुटलं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. ते संपायच्या आत जंगली मासे वर, लाल खडकांखालच्या डोहांत न्यायचे होते; तिथं अजून गार पाणी होतं. टेसेनबाईंनी फोनवर परवानगी दिली आणि स्वतःही यायला निघाल्या. माणसं मात्र हवी होती. वालबुर्गा दारोदार गेली. जिच्या अहवालावर अर्धं गाव चिडलं होतं तीच, टोपी घालून, हातात दुकानातल्या बटाटा सॅलडच्या रिकाम्या पांढऱ्या बादल्या.

सरपंच दारातच उभे राहिले. "माझ्या गवताचं लिहिलंस तू."

"लिहिलं. आणि आज बादली धरलीत तर तेही लिहीन."

"पेटीत लागेल?"

"काचेच्या."

सरपंच बूट घालायला आत गेले. हे गावभर पसरायला दहा मिनिटं लागली. तासाभरात अग्निशमन पथकाचे लोक आले, चर्चचा गायनवृंद आला, घोडेवाला घोडागाडी घेऊन आला आणि त्यानं गाडी मुद्दाम माझ्यासमोरून दोनदा नेली, मी वहीत टिपलं की नाही बघायला. कुरणापर्यंत गाडीनं, पुढे हातोहात बादल्या. स्प्रूसच्या अंधारातून माणसांची रांग, आणि सगळ्यात वर, डोहात कमरेइतक्या पाण्यात, पांढरे बूट भरून गेलेली वालबुर्गा एकेक मासा सोडत वजन सांगत होती. "दोनशे दहा! एकशे ऐंशी! ही कुणाची बादली? सरपंच, यात बेडूक आहे."

"मासाच दिला होता मी!"

दोनशे सव्वीस मासे वर पोचले. सरपंचांचा बेडूकही. त्या आठवड्यात गावात सकाळ-संध्याकाळ धुरावलेला ट्राउटच ताटात होता. शनिवारपर्यंत मांजरंसुद्धा तोंड फिरवायला लागली. पाऊस आला तो नवव्या दिवशी, मुसळधार, आणि जाताना वालबुर्गाच्या तळघरात डोकावून गेला. बटाट्यांना तिनं आधीच वरच्या मजल्यावर हलवलं होतं.

गांगोल्फनं तळं पुन्हा भरलं नाही. त्यात आता लव्हाळी आणि बेडूक आहेत, आणि त्याच्या मते डास, जे वालबुर्गानं पाठवलेले आहेत. तिमाहीच्या फेरीला तो बरोबर येऊ लागला. मी मागे राहून टिपायचो. दोघं पुढे, प्रत्येक वळणावर भांडत: इथं खोल आहे की नाही, ते झाड एल्डर आहे की हेझेल. सॉसेज तो आता इथल्याच दुकानातून घेतो, पण चव पूर्वीसारखी नाही म्हणतो, आणि वालबुर्गा म्हणते, पूर्वीची चव बावीस वर्षांनी तुला कुठून आठवते?

गेल्या वसंतात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एप्रिलची फेरी गांगोल्फनं एकट्यानं केली. माझीही कंबर धरली होती. अहवाल त्यानं स्वतःच हातानं लिहून खात्याला पाठवला. तिकडून पत्र आलं, टेसेनबाईंच्या जागी आलेल्या नव्या साहेबांचं: अहवाल अपुरा असून त्यातील तिसरी नोंद कोणत्याही रकान्यात बसत नाही, तरी खुलासा करावा. सोबत अहवालाची प्रत. ती घेऊन मी दवाखान्यात गेलो आणि वालबुर्गाला वाचून दाखवली.

"पाणी आहे. मासे आहेत. वालबुर्गा नाही."

ती खिडकीबाहेर बघत होती. "मूर्ख माणूस," म्हणाली. "रंग नाही, वास नाही, प्रवाह नाही. असा अहवाल लिहितात का?"

मी कागद घडी करून खिशात ठेवायला लागलो.

"थांब," ती म्हणाली. "ते शेवटचं परत वाच."